मुलाचा रिपोर्ट आणि आईबापाची प्रार्थना

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या कासुर्डीसारख्या गावात मूल आजारी पडले, की वाट ठरलेली असते. आधी जवळचा डॉक्टर, मग यवतचे ग्रामीण रुग्णालय किंवा दौंडचे उपजिल्हा रुग्णालय आणि तिथल्या डॉक्टरांना शंका आली की पुणे. ससूनच्या किंवा एखाद्या मोठ्या खासगी रुग्णालयाच्या ओपीडीत शेवटी कागद हातात पडतो. त्यावर एक शब्द असतो. ल्युकेमिया, थॅलेसेमिया, सेरेब्रल पाल्सी, हृदयाला छिद्र. हडपसर ओलांडून गाडी गावाकडे लागते तेव्हा आईबाप अजून त्या शब्दाचा उच्चारच जुळवत असतात. कुटुंब ख्रिस्ती असेल, तर तोवर मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रार्थनेची विनंती गेलेली असते आणि संध्याकाळी घर माणसांनी भरते.

ही माणसे मनापासून आलेली असतात. पण त्यांच्या तोंडून निघणारी काही वाक्ये मात्र घातक असतात. ‘काहीतरी पाप आड येतंय.’ ‘विश्वास कमी पडला तर कसं होणार?’ ‘अमक्या सभेत न्या, औषधाची गरजच राहणार नाही.’ अशा घरात विश्वासाला पहिला तडा जातो तो अनेकदा आजारामुळे नव्हे, आजाराभोवती जमलेल्या या बोलण्यामुळे. म्हणून ज्या पालकांना देवावरचा भरवसाही सोडायचा नाही आणि मुलाचे उपचारही चुकू द्यायचे नाहीत, त्यांनी आधी कोणते बोलणे घरात घ्यायचे आणि कोणते उंबऱ्याबाहेर ठेवायचे, हे ठरवायला हवे.

केडगावच्या आईची गोष्ट

कासुर्डीहून सोलापूरच्या दिशेने निघाले की यवत मागे पडते, पुढे चौफुला लागतो आणि तिथून आत केडगाव. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन इथलेच. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या वैद्यक शिकायच्या इराद्याने. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, त्यांनी हंटर आयोगापुढे हिंदुस्थानातील बायकांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, असे आग्रहाने मांडले होते. पण त्यांना ऐकू कमी येत असे आणि त्या बहिरेपणामुळे डॉक्टर होण्याचा बेत सोडावा लागला. १८८३ मध्येच इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यांची एकुलती मुलगी मनोरमा. १८८१ साली जन्मलेली, दुसऱ्याच वर्षी वडिलांना मुकलेली. मोठेपणी मनोरमाबाई आईच्या कामाचा उजवा हात झाल्या. त्यांनी ब्रेल लिपी आत्मसात करून मुक्तीतल्या अंधांना शिकवले, गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली. आईमागे मिशन त्यांनीच चालवायचे, असे ठरलेले होते. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्या गेल्या. हजारो अनाथ, विधवा, दुष्काळग्रस्त बायकामुलांसाठी प्रार्थना करणाऱ्या आईची स्वतःच्या लेकीसाठीची प्रार्थना तिला हवी तशी फळली नाही. रमाबाई त्या वेळी बायबलच्या मराठी भाषांतराच्या अखेरच्या टप्प्यात होत्या. ते काम त्यांनी पूर्ण केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या.

आजच्या पालकांना यातून एक गोष्ट सरळ दिसते. दौंड तालुक्याने पाहिलेल्या सर्वांत ठाम श्रद्धावंत बाईच्या घरीही मृत्यू आला. तिचा विश्वास कमी पडला म्हणून लेक गेली, असे म्हणायला कोणी धजावणार नाही. मग शेजारच्या घरातल्या आईला तेच वाक्य ऐकवण्याचा अधिकार कोणाला कसा पोचतो?

दोष शोधणे थांबवावे

निदान झाल्यावर आईबापाच्या डोक्यात पहिला हिशेब सुरू होतो तो चुकांचा. गरोदरपणी काय खाल्ले, कोणते औषध घेतले, लग्नाआधी काय घडले, दशांश कधी चुकवला. वैद्यकशास्त्राचे उत्तर इथे बरेच दिलासा देणारे आहे. डाउन सिंड्रोममध्ये पेशींत २१ क्रमांकाचे गुणसूत्र जादा असते आणि बहुतेक वेळा ते बीजपेशी तयार होतानाच्या विभाजनात आपसूक घडलेले असते. लहान मुलांच्या बहुसंख्य रक्तकर्करोगांमागे पालकांनी केलेली किंवा टाळलेली एखादी गोष्ट सापडत नाही. थॅलेसेमिया मेजरसारखा आजार आईवडील दोघेही वाहक असले तर होतो आणि वाहक माणूस स्वतः ठणठणीत असतो. तपासणी केल्याशिवाय त्याला पत्ताही लागत नाही. अशा ठिकाणी दोष देण्यापेक्षा पुढच्या गरोदरपणाआधी दोघांची तपासणी आणि जनुकीय सल्ला हे करण्याजोगे काम आहे.

पवित्र शास्त्रही याच बाजूने बोलते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापाचे? येशू दोन्ही शक्यता नाकारतो. ईयोबाचे मित्र तर सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले होते, तोवर ते चांगले मित्र होते. त्यांनी कारणे सांगायला सुरुवात केली तिथून बिघडले आणि ग्रंथाच्या अखेरीस देवाने त्यांनाच चुकीचे ठरवले. घरी येऊन पाप शोधणाऱ्या पाहुण्याला हे दोन संदर्भ शांतपणे दाखवावेत. तेवढ्यानेही तो थांबला नाही, तर काही दिवस येऊ नका म्हणून सांगण्यात काहीही अख्रिस्ती नाही. हे काम आईवर टाकू नये. घरातल्या मोठ्या माणसाने किंवा पाळकसाहेबांनी करावे.

औषध आणि प्रार्थना एकाच ताटात

यहूदाचा राजा हिज्कीया मरणाच्या दारात असताना रडून प्रार्थना करतो. देव ती ऐकतो आणि यशया संदेष्टा काय करायला लावतो? अंजिराचा लेप गळवावर बांधायला. पौलाच्या सोबत फिरणारा लूक वैद्य होता. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असे सांगितले आहे. वैद्याकडे जाऊ नये असे त्यात कुठेही नाही. कॅथलिक बायबलमधल्या बेन सिराखच्या ग्रंथात तर वैद्याचा मान राखावा म्हणून एक अख्खा उतारा येतो.

फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थळाचे उदाहरण मतमाउलीच्या यात्रेला जाणाऱ्या कुटुंबांनी जरूर लक्षात ठेवावे. तिथे लाखो आजारी जातात. बरे झाल्याचा दावा आला की १८८३ पासून तिथे असलेले वैद्यकीय कार्यालय जुने रिपोर्ट, नवे रिपोर्ट, घेतलेले उपचार असे सगळे तपासते. आजवर चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना फक्त ७० च्या आसपास आहेत. म्हणजे खुद्द चर्चही डॉक्टरांचे कागद पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. कुणी व्यासपीठावरून पाच मिनिटांत गाठ विरघळल्याचे सांगत असेल, तर तपासणी करून घ्या, हेच त्याला चर्चच्या रीतीप्रमाणे दिलेले उत्तर ठरेल.

औषध थांबवून फक्त प्रार्थना करण्याची किंमत काय असते, याचे एक प्रकरण न्यायालयात नोंदलेले आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात २००८ साली ११ वर्षांची एक मुलगी मधुमेहाने गेली. इन्सुलिन दिले असते तर ती जगण्याची दाट शक्यता होती. आईवडील तिच्याभोवती प्रार्थना करत राहिले, डॉक्टर बोलावला नाही. दोघांनाही दोषी ठरवण्यात आले आणि २०१३ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. त्या आईबापांचे मुलीवर प्रेम नव्हते असे कोणीच म्हटले नाही. म्हणूनच ही गोष्ट अधिक सावध करते. आपल्याकडे जादूने किंवा मंत्राने आजार बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. धर्म कोणताही असो, ती लागू आहे.

श्रद्धेच्या रोजच्या रीतींतही थोडा विचार लागतो. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी फार खाली येतात. त्या दिवसांत साध्या सर्दीनेही घात होऊ शकतो. अशा वेळी घरातली जागरणाची सभा अंगणात किंवा चर्चमध्ये घ्यावी, मुलाजवळ एकट्या पाळकांनी हात धुऊन, मास्क लावून जावे. प्रभुभोजनाच्या सामायिक प्याल्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. पाळक वेगळा छोटा प्याला आनंदाने देतात. टाइप १ मधुमेहाच्या मुलाला उपवास-प्रार्थनेत बसवू नये. आईनेही रुग्णालयात असताना उपाशी राहू नये, कारण रात्रभर सलाइनवर लक्ष ठेवायला तीच असते.

पहिल्या पंधरा दिवसांत

पहिले काम म्हणजे वही. आजाराचे पूर्ण नाव डॉक्टरांकडूनच त्यात लिहून घ्यावे. मग चार प्रश्न: हा आजार बरा होतो, आटोक्यात राहतो की वाढत जातो? उपचार किती महिने किंवा वर्षे चालतील? ते थांबवले तर काय होईल? कोणती लक्षणे दिसली की मध्यरात्रीसुद्धा निघायचे? उदाहरणार्थ, मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्तकर्करोगावरचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षे चालतात. पहिल्या काही महिन्यांत मूल टवटवीत दिसू लागते आणि नेमके तेव्हाच ‘देवाने बरे केले’ म्हणून उपचार सोडण्याची चूक घडते. टवटवी दिसली तर उपकारस्तुती जरूर करावी, पण पुढची तारीख चुकवू नये.

दुसरे मत घ्यायला संकोच करू नये. चांगले डॉक्टर त्याचा राग मानत नाहीत. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये, प्रत्येकाची झेरॉक्स वेगळी आणि मोबाइलमध्ये फोटो, एवढी शिस्त पुढे फार उपयोगी पडते.

तिसरे काम पैशाचे. शेत विकण्याआधी, दागिने गहाण टाकण्याआधी चार दारे ठोठावून पाहावीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या आजारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यालाच आधी गाठावे. १५५३८८ या क्रमांकावरही चौकशी होते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांमध्ये मुलांची तपासणी करतात; जन्मजात हृदयदोष, फाटलेले ओठ, वाकडे पाय यांवरील उपचार या कार्यक्रमातून मोफत होऊ शकतात. अंगणवाडी ताई किंवा आशा ताई हा दुवा जोडून देते. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवायच्या असतात. त्याची विचारणा बिलाच्या खिडकीवर न करता वैद्यकीय समाजसेवकाकडे करावी आणि दाखल होतानाच करावी. मतिमंदत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो. त्यासाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र लवकर काढावे.

कर्करोगासाठी मुंबईला टाटा रुग्णालयात जावे लागले तर राहण्याचा प्रश्न सर्वांत मोठा. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून अशा मुलांची आणि आईवडिलांची मोफत सोय करते. तिथे जाण्यासाठी रुग्णालयातील समाजसेवकाची शिफारस लागते. म्हणून पहिल्याच भेटीत त्यांचे टेबल शोधावे.

मंडळीने काय करावे

‘काही लागलं तर सांगा’ असे सगळेच म्हणतात आणि खचलेला माणूस काहीच सांगत नाही. म्हणून मंडळीने विचारत न बसता कामे वाटून घ्यावीत. महिला मंडळाने दोन आठवड्यांचे डबे लावावेत. एकाने घरच्या म्हशीची धार काढण्याचे पाहावे, दुसऱ्याने उसाला पाणी देण्याचे. तरुण संघातील १८ वर्षांवरच्या मुलांनी आपापले रक्तगट लिहून यादी तयार ठेवावी. कर्करोगाच्या मुलांना रक्त आणि प्लेटलेट्स वारंवार लागतात आणि पुण्यात अनोळखी रक्तपेढीत रात्री दाता शोधणे फार अवघड जाते. दानपेटीतून मदत द्यायची असेल तर ती व्यासपीठावरून जाहीर न करता खजिनदाराने थेट रुग्णालयात भरावी.

प्रार्थनेत मुलाचे नाव घेण्यापूर्वी आईबापांना विचारावे. आजाराचे तपशील ग्रुपवर फिरू नयेत. विशेषतः मुलगी असेल तर पुढे लग्नाच्या वेळी तेच तपशील आड येतात, हे गावाकडच्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि साक्ष मागण्याची घाई करू नये. उपचार चालू असलेल्या मुलाला पुढे उभे करून बरे झाल्याचे सांगायला लावले आणि आजार उलटला, तर त्या मुलाला आजारापाठोपाठ अपराधाचेही ओझे येते.

मुलाशी आणि भावंडांशी

मुलांना मोठ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त कळते. पाच वर्षांच्या मुलाला एवढे पुरे: तुझ्या रक्तात आजार आहे, त्याचे औषध टोचून द्यावे लागते, मी सोबत असेन, आणि तू काही चुकीचे केल्यामुळे हे झालेले नाही. हे शेवटचे वाक्य पुन्हा पुन्हा सांगावे, कारण लहान मुले आजाराला शिक्षा समजतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला आजाराचे नाव सांगावे. शाळेत ते दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आईबापाकडून कळलेले बरे. ‘सुई दुखणार नाही’ असे खोटे सांगू नये. एकदा खोटे पकडले गेले की मूल पुढे प्रार्थनेवरही विश्वास ठेवत नाही.

मूल विचारते, ‘देव मला बरं करेल का?’ याचे प्रामाणिक उत्तर असे देता येते: आपण रोज मागतो आहोत, डॉक्टर त्यांचे काम करत आहेत, काय होईल हे मला माहीत नाही, पण तुला एकटे सोडणार नाही. मार्काच्या नवव्या अध्यायात झटके येणाऱ्या मुलाचा बाप येशूसमोर कबूल करतो, की आपला विश्वास आहे, पण अपुरा आहे, त्यालाही मदत हवी. येशू त्या बापाला परत पाठवत नाही. मुलासमोर एवढी कबुली देणाऱ्या आईबापाचे काही कमी होत नाही.

भावंडांकडे बहुधा दुर्लक्षच होते. आजारी मुलाला खेळणी, फळे, पाहुणे. मोठ्या बहिणीच्या वाट्याला मात्र आजीकडे राहणे आणि ‘तू समजूतदार आहेस’ हे वाक्य. आठवड्यातून एकदा तरी आई किंवा वडिलांपैकी एकाने फक्त तिच्यासोबत वेळ घालवावा, मग तो यवतच्या बाजारात घालवलेला का असेना. नवरा-बायकोंमध्येही दुःख सारखे चालत नाही. एक रडतो, एक मुकाट्याने कामाला लागतो. दुसऱ्याला दुःखच नाही, असा अर्थ काढून भांडणे होतात. पाळकांनी दोघांना एकत्र बसवून हे आधीच बोलून ठेवले तर बरेच टळते.

बरे होणे नसेल तेव्हा

काही आजारांत डॉक्टर एका टप्प्यावर सांगतात, आता त्रास कमी करणे एवढेच हातात आहे. याला उपचार सोडणे म्हणत नाहीत. वेदनाशामक काळजी ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा आहे. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे केंद्र कर्करोगाच्या रुग्णांना ही सेवा मोफत देते आणि सोबतच्या घरच्यांनाही आधार देते. मॉर्फिनची भीती बाळगू नये. योग्य मात्रेत दिलेले मॉर्फिन मुलाला झोप देते, बोलण्याइतकी शांतता देते.

या टप्प्यावर श्रद्धावंतही वेगवेगळ्या ठिकाणी पोचतात. अमेरिकेतील रब्बी हॅरोल्ड कुश्नर यांचा मुलगा अकाली वार्धक्याच्या दुर्मीळ आजाराने १४ व्या वर्षी गेला. देव चांगला आहे, पण सगळेच त्याच्या हातात नाही, असे मत त्यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात मांडले. ख्रिस्ती लेखिका नॅन्सी गथ्री यांची दोन बाळे झेलवेगर सिंड्रोमने सहा-सहा महिन्यांतच गेली. देवाच्या हातातून काहीच सुटत नाही, या विश्वासावर त्या टिकून राहिल्या आणि पुढे मुले गमावलेल्या आईबापांसोबत काम करू लागल्या. दोघांची उत्तरे जुळत नाहीत. पण दोघांनीही आपला राग देवापासून लपवला नाही. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्यात शेवटी दिलासा येतच नाही. तरीही ते बायबलात आहे आणि चर्चमध्ये वाचले जाते. ज्या आईला सध्या गाणे सुचत नाही, तिने ते वाचावे.

दाविदाचे मूल आजारी होते तेव्हा तो सात दिवस जमिनीवर पडून होता, जेवत नव्हता. मूल गेल्यावर तो उठला, आंघोळ केली, परमेश्वराच्या घरी गेला आणि मग जेवला. नोकर चकित झाले. कुटुंबांनाही अशाच वेगवेगळ्या तऱ्हा असतात. कोणी पुढच्याच रविवारी चर्चमध्ये बसतो, कोणाला वर्षभर पायरी चढवत नाही. मंडळीने दोघांनाही हजेरी विचारू नये. दफनाच्या दिवशी आलेली गर्दी महिन्याभरात ओसरते आणि खरी जड रात्र त्यानंतर सुरू होते. म्हणून पाळकांनी आपल्या डायरीत तीन तारखा लिहून ठेवाव्यात: मुलाचा वाढदिवस, मृत्यूची तारीख आणि पहिला नाताळ. त्या दिवशी फोन न करता घरी जावे, मुलाचे नाव घेऊन बोलावे आणि त्या घरातल्या दुसऱ्या मुलांची शाळा कशी चालली आहे, हेही विचारावे.